घराजवळची सुट्टी : मुळशीच्या काठावर एक दिवस



वैशाख आला की व्यापारी घरात दोन गोष्टी एकाच वेळी सुरू होतात : मुलांची सुट्टी आणि लग्नसराई. मुले विचारतात, "यंदा कुठे जायचे?" दुकानातून उत्तर येते, "अक्षय्य तृतीया होऊ दे, मग पाहू." अक्षय्य तृतीया होते, लग्नाच्या तिथी संपतात आणि पाहता पाहता शाळेची घंटा वाजते. आमच्या घरी सलग तीन वर्षे हेच घडले. यंदा सासऱ्यांनीच तोडगा काढला. म्हणाले, "लांब जमत नसेल तर जवळ जा. पण जा."

दुकानाच्या साप्ताहिक सुट्टीला पहाटेच निघालो. चांदणी चौक, पिरंगुट, पौड आणि पुढे मुळशी. शिदोरीत खाकरा, ठेपले, मेथांबा. सोबत उकळून गार केलेले पाणी. बाहेर खाण्याचा प्रश्नच नसल्याने भक्ष्याभक्ष्याची चिंता उरली नाही आणि खर्च झाला तो इंधनाचा. वाटेत एका आजीबाईंकडून पानाच्या द्रोणातली करवंदे घेतली. धाकट्याने सवयीने भाव करायला सुरुवात केली, तशी त्याच्या आजोबांनी त्याला डोळ्यांनीच थांबवले.

उन्हाळ्यात धरणाचे पाणी मागे सरते आणि काठाची भेगाळलेली जमीन उघडी पडते. तेथेच एका झाडाखाली बसून आजोबांनी मुलांना या पाण्याची गोष्ट सांगितली. मुळा आणि निळा या नद्यांचे पाणी अडवून टाटा कंपनीने हे धरण बांधले. येथील पाणी बोगद्यातून सह्याद्रीखाली कोकणात भिऱ्याला उतरते. तेथे 1927 पासून वीज तयार होते आणि ती मुंबईला जाते. परंतु त्यासाठी मावळातील अनेक गावे आणि त्यांची भाताची खाचरे बुडणार होती. 16 एप्रिल 1921 रोजी, रामनवमीच्या दिवशी, शेतकऱ्यांनी सत्याग्रह सुरू केला. पुढे पांडुरंग महादेव बापट यांनी त्याचे नेतृत्व केले. 'सेनापती' ही पदवी त्यांना याच लढ्याने दिली. सुमारे तीन वर्षे लढा चालला; धरण मात्र झाले.

थोरल्याने विचारले, "मग जमिनीचे पैसे कुणाला मिळाले?"

व्यापाऱ्याच्या नातवालाच सुचावा असा प्रश्न! आजोबा क्षणभर थांबले. येथील पुष्कळ जमिनी पुण्याच्या सावकारांच्या मालकीच्या वा त्यांच्याकडे गहाण होत्या, आणि सावकारांचा कल मोबदला घेऊन मोकळे होण्याकडे होता. ते म्हणाले, "ज्यांच्या वहीत जमीन होती, त्यांचा हिशेब मिटला. ज्यांचे हात चिखलात होते, त्यांचे घर गेले. बाळा, वहीत जमा-नावे जुळले म्हणजे सगळे जुळले असे समजू नये."

आम्ही कोणीच काही बोललो नाही. अपरिग्रहावरची इतकी व्याख्याने ऐकली. पण ते वाक्य मनात रुतून बसले. परतताना धाकट्याने त्याच आजीबाईंकडून पुन्हा करवंदे घेतली आणि सांगितलेली किंमत मुकाट्याने दिली.

सूर्यास्तापूर्वी काठावरच जेवण उरकले. एरवी दुकानाच्या गडबडीत चौविहार सांभाळताना घड्याळाकडे पाहावे लागते. त्या दिवशी प्रथमच आम्ही सगळ्यांनी मिळून सूर्याकडे पाहिले.

वाचक भगिनींनो, अशी आणखी एक सहल सुचवते. शेजारच्या मावळ तालुक्यात, कामशेतजवळ पाले गावी एक छोटे लेणे आहे. तेथील सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा ब्राह्मी शिलालेख अरहंतांना नमन करून सुरू होतो. डॉ. ह. धी. सांकलिया आणि डॉ. शोभना गोखले यांनी त्याचे वाचन प्रसिद्ध केले. इंदरखित नावाच्या भदंतांनी लेणे आणि पाण्याची पोढी, म्हणजे टाके, करविल्याची नोंद त्यात आहे. आपल्या धर्माच्या महाराष्ट्रातील सर्वांत जुन्या खुणांपैकी ही एक, आणि तिच्यात आठवण आहे ती पाण्याच्या दानाची! वाट चढाची आहे, म्हणून सकाळीच जावे.

जाताना एवढे सांभाळावे : धरणाच्या पाण्यात मुलांना उतरू देऊ नये, कारण काठ फसवा असतो; आणलेला कचरा परत घरी न्यावा; दगड उचलताना, चटई अंथरताना जयणा राखावी. परतल्यावर दिवसभराचा खर्च मुलांकडूनच वहीत लिहून घ्यावा. आमच्या थोरल्याने लिहिला. शेवटच्या ओळीत त्याने 'करवंदे, दोन वेळा' असे लिहून पुढे रक्कम मांडली आणि खाली आपण होऊन जोडले : 'भाव केला नाही.'

ती वही सासऱ्यांनी गल्ल्याशेजारी ठेवली आहे.