कैरोचा सुलतान, व्हिएन्नाचं गाणं आणि आपण



ऑपेरा म्हटलं की आपल्यातल्या निम्म्या लोकांच्या डोळ्यांसमोर शिंगांचं शिरस्त्राण घातलेली धिप्पाड बाई येते आणि उरलेल्या निम्म्यांना पार्किंगचे पैसे आठवतात. म्हणून आधीच सांगतो, हे काही संगीताचं रसग्रहण नाही. प्रश्न आपल्या इथे वाढलेल्या मुलांचा आहे, आणि थोडा आपल्या स्वतःच्या नाटकांचाही.

अठराव्या शतकात फ्रेंच भाषेत 'ऑपेरा कॉमिक' नावाचा प्रकार फार चालायचा. त्यातले बरेच खेळ 'पूर्वेकडे' घडतात. म्हणजे कैरो, बसरा, इराण, कधी कधी थेट आपला हिंदुस्थान. सुलतान, जनानखाना, चाच्यांनी पळवलेली राजकन्या, लोभी फकीर, असा सगळा ठरलेला मालमसाला. ही नाटकं आज अमेरिकेत करावीत की नाहीत, यावर दोन मतं हमखास ऐकू येतात. एक, हा पूर्वेकडच्या लोकांचा अपमान आहे, बंद करा. दुसरं, अहो, अडीचशे वर्षांपूर्वीची गंमत ती, कशाला मनावर घेता? मला दोन्ही पटत नाहीत. का, ते सांगतो.

आधी हा प्रकार काय ते बघू, कारण तो आपल्याला वाटतो तेवढा परका नाही. नावातल्या 'कॉमिक' शब्दावर जाऊ नका. मुख्य खूण ही, की यात पदांच्या मधे साधं गद्य बोलणं असतं. बिझेची 'कार्मेन' (१८७५) शोकांतिका असूनही मुळात ऑपेरा कॉमिकच होती. याचा उगम पॅरिसच्या जत्रांमधल्या तंबूंत. तिथल्या मंडळ्यांवर बड्या सरकारमान्य नाटक कंपन्यांनी निर्बंध आणले, कधी बोलायला बंदी तर कधी गायला. मग या लोकांनी फलकांवर शब्द लिहून धरायचे आणि लोकांना माहीत असलेल्या चालीवर प्रेक्षकांनीच गायचं, अशी युक्ती काढली. ओळखीच्या चालीवर नवे शब्द बसवायचे आणि मधे गद्य संवाद घालायचे, हे ऐकून तुम्हाला काय आठवतं? अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८० साली पुण्यात 'शाकुंतल' उभं केलं तेव्हा साकी, दिंडी, बायकांच्या गाण्यांच्या आणि कानडी चाली घेऊन हेच केलं. ऑपेरा कॉमिक हा आपल्या संगीत नाटकाचा लांबचा चुलतभाऊच म्हणायला हरकत नाही.

आता एक नमुना घेऊ. ग्लुक या संगीतकाराचा 'ला राँकॉन्त्र आँप्रेव्ह्यू', म्हणजे 'अवचित भेट'. पहिला प्रयोग व्हिएन्नात, ७ जानेवारी १७६४ रोजी, फ्रेंच भाषेत. मूळ नाटक लसाज आणि दॉर्नव्हाल यांचं, १७२६ सालचं, पॅरिसच्या जत्रेतलं, 'मक्केचे यात्रेकरू' अशा नावाचं. कथा अशी. बसऱ्याचा राजपुत्र अली आपली हरवलेली प्रेयसी रेझिया हिला शोधत कैरोला येतो. ती तिथल्या सुलतानाच्या जनानखान्यात अडकलेली असते. अलीची निष्ठा बघायला ती आपल्या दासींना एकेक करून त्याच्याकडे पाठवते. तो डगमगत नाही. दोघं पळून जायचा बेत करतात, एक फकीर बक्षिसाच्या लोभाने त्यांना पकडून देतो, आणि शेवटी सुलतान मोठ्या मनाने सगळ्यांना माफ करतो. पडदा.

या फकिराला मूळ भाषेत 'कॅलेंडर' म्हटलंय. तो म्हणजे आपला 'कलंदर', शब्द तोच. नाटकाच्या सुरुवातीला हा कलंदर भीक मागताना एक गाणं गातो, त्याची भाषा अरबी नाही, तुर्की नाही, कुठलीच नाही. निव्वळ बडबड. पूर्वेकडचे लोक असंच काहीतरी बोलत असणार, एवढाच त्यामागचा विचार. आणि गंमत बघा, याच कलंदराचं दुसरं एक गाणं इतकं झकास आहे, की मोझार्टने १७८४ साली त्या चालीवर पियानोसाठी दहा आवर्तनं लिहिली. त्या गाण्याचा आशय असा, की लोकांना वाटतं आम्ही साधू उपाशी राहतो, प्रत्यक्षात आमची चंगळ असते. अत्र्यांचं 'बुवा तेथे बाया' आवडणाऱ्या माणसाला हे काही नवीन नाही. माझ्या मते हा टोला मुळात कैरोच्या फकिराला नाहीच. तो त्यांच्या आपल्या मठांतल्या साधूंना आहे. घरच्या साधूची टवाळी करणं महागात पडलं असतं, म्हणून त्याला कफनी चढवली.

म्हणजे या नाटकांतली पूर्व ही पूर्व नाहीच. ती कपड्यांची पेटी आहे. याचा सगळ्यात मजेदार पुरावा आपल्या दख्खनचा आहे. १७६६ साली पॅरिसच्या मोठ्या ऑपेरात मोंसिन्यीचं 'गोवळकोंड्याची राणी आलीन' आलं. काटेकोर बोलायचं तर हे ऑपेरा कॉमिक नव्हे, नृत्यप्रधान ऑपेरा. पण लिहिणारी जोडी, मोंसिन्यी आणि सदेन, ऑपेरा कॉमिकमध्येच नावाजलेली. गोष्ट बूफ्लेर याच्या १७६१ सालच्या कथेवरून घेतलेली. आलीन ही फ्रान्सच्या खेड्यातली गवळण. नशिबाच्या फेऱ्यात ती चक्क गोवळकोंड्याची राणी होते. तिचा जुना प्रियकर तिथे येतो तेव्हा तो काय बघतो? राणीने आपल्या महालाच्या परिसरात आपलं फ्रेंच खेडं जसंच्या तसं उभारलेलं आहे!

एडिसनला ढोल-ताशा वाजवणाऱ्यांनी आणि बेसमेंटमध्ये तुळशीवृंदावन ठेवणाऱ्यांनी आलीनबाईंना हसू नये, हे तर झालंच. पण मुद्दा असा, की १७६६ साली गोवळकोंड्याला राजा-राणी उरलेच नव्हते. शिवाजी महाराज १६७७ साली ज्या कुतुबशहाला भेटले, त्याचं राज्य औरंगजेबाने १६८७ साली बुडवलं. फ्रेंचांचं स्वतःचं पाँडिचेरी १७६१ साली इंग्रजांनी जिंकलं, १७६३ च्या तहात ते परत मिळालं, पण हिंदुस्थानातल्या साम्राज्याचं स्वप्न संपलंच. आणि इकडे पॅरिसच्या रंगमंचावर एक फ्रेंच मुलगी गोवळकोंड्यावर राज्य करत होती. जे हातातून गेलं ते नाटकात मिळवलं, असं मला तरी वाटतं.

आता कोणी म्हणेल, मग यात वावगं काय? उसनवारी तर आपणही केली. अगदी बरोबर. गोविंद बल्लाळ देवलांचं 'संशयकल्लोळ' घ्या. त्याची मूळ गोष्ट मोलिएरची, १६६० सालची. ती आर्थर मर्फीच्या इंग्रजी नाटकातून देवलांकडे आली, १८९३ च्या सुमाराला 'फाल्गुनराव' झाली आणि १९१६ मध्ये पदांसकट 'संशयकल्लोळ' म्हणून गाजली. त्यात पॅरिसचा मागमूस नाही. फाल्गुनराव, अश्विनशेठ, रेवती ही सगळी अस्सल इथलीच माणसं. फरक इथेच आहे. देवलांनी परक्यांची गोष्ट घेतली आणि तिला आपली माणसं दिली. या ऑपेरांनी आपली गोष्ट घेतली आणि तिला परक्यांची नावं दिली. देवलांनी "फ्रेंच लोक असे असतात" असं कधी कोणाला शिकवलं नाही. कैरोच्या सुलतानाने मात्र युरोपला आणि पुढे अमेरिकेला पूर्वेची एक प्रतिमा शिकवली, आणि ती फार काळ टिकली.

ती टिकल्याची किंमत कोण मोजतं, ते सांगतो. आमच्या ओळखीतली एक मुलगी, इथेच जन्मलेली, कॉलेजात पाश्चात्त्य गायन शिकते. फ्रेंच उच्चार उत्तम, आवाज उंच आणि मोकळा. अशाच एका 'तुर्की' ऑपेराच्या निवडचाचणीत तिने नायिकेची पदं म्हटली. तिला काम मिळालं ते दासीचं, जवळजवळ मुकं. वर कौतुकाने सांगण्यात आलं, "तुला मेकअप सुद्धा लागणार नाही." नायिकेच्या भूमिकेत गोऱ्या मुलीला तपकिरी रंग फासला गेला. आई-वडिलांची प्रतिक्रिया आपल्याला पाठ आहे: सांगत होतो ना, कम्प्युटर सायन्स घे म्हणून. तिने गाणं सोडलं नाही, पण त्या प्रकारच्या ऑपेराचं नाव काढलं की ती आता विषय बदलते. अडीचशे वर्षांपूर्वीची गंमत म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं. नाटक जुनं असेल, निवडचाचणी आजची असते.

तरीही बंदी हा उपाय नाही असं मी का म्हणतो? कारण ऑपेरा कॉमिकमध्ये दुरुस्तीची सोय मुळातच आहे. संगीत गाण्यांत आहे, आणि बहुतेक चावटपणा, अज्ञान आणि टवाळी मधल्या गद्य संवादांत आहे. गद्य बदललं तर ग्लुकचा एक सूरही हलत नाही. आपणही हेच केलं. रात्र रात्र चालणारी संगीत नाटकं आज तीन तासांत होतात, संवाद कापले जातात, आणि कोणी "किर्लोस्करांचा अपमान" म्हणून ओरडत नाही. फार तर आजोबा पहिल्या रांगेत पुटपुटतात.

आणि हे नुसतं बोलणं नाही, झालेलं आहे. टोरांटोच्या कॅनेडियन ऑपेरा कंपनीने २०१८ साली मोझार्टच्या 'जनानखान्यातून सुटका' या १७८२ च्या जर्मन ऑपेराचा प्रयोग केला. त्यात लेबनॉनमध्ये जन्मलेले नाटककार वाजदी मुआवाद यांनी संवाद नव्याने लिहिले होते. न्यूयॉर्कच्या गिल्बर्ट अँड सलिव्हन मंडळीने २०१५ साली तक्रारी आल्यावर 'मिकाडो' रद्द केला. पण तिथेच न थांबता आशियाई अमेरिकन कलावंतांशी बोलून २०१६ च्या अखेरीला तो नव्या रूपात आणला. आणि माझं सगळ्यात आवडतं उदाहरण आमच्या वॉशिंग्टनचं. इथल्या ऑपेरा लाफायेत या संस्थेने जानेवारी २०१३ मध्ये केनेडी सेंटरला फेलिसियां दाव्हीदचा 'लाला रूख' केला. हा १८६२ चा, म्हणजे ग्लुकनंतर शंभरएक वर्षांचा, पण ऑपेरा कॉमिकच. मुघल राजकन्या लग्नासाठी परमुलखात निघते, वाटेत एका गायकाच्या प्रेमात पडते, आणि तो गायक म्हणजेच वेषांतर केलेला नवरामुलगा निघतो. इथे नाचासाठी आणली मेरीलँडची कलानिधी ही अनुराधा नेहरूंची कुचिपुडी संस्था, आणि कपडे केले दिल्लीच्या पूनम भगत यांनी. मुघल कथेत कुचिपुडी कुठून आलं, असं विचारायला जागा आहे. पण निदान हिंदुस्थानी नाच म्हणजे काय हे जाणणारी माणसं तालमीच्या खोलीत होती. पोस्टकार्ड बघून केलेले हातवारे नव्हते. हा फरक लहान नाही.

आता आपल्याकडेही जरा बघू या. आपल्या मंडळांच्या एकांकिकांत 'गोरा' कसा असतो? सोनेरी विग, तोंडात च्युइंगगम, "नमस्टे" म्हणणारा बावळट. अय्यर आला की "अय्यय्यो", मारवाडी आला की व्याजाचा हिशेब. टाळ्या हमखास. त्या कलंदराच्या बडबडगाण्यात आणि आपल्या "अय्यय्यो"त मला फारसा फरक दिसत नाही. सत्तेचा फरक आहे, मान्य. आपल्या एकांकिकेने कोणाची निवडचाचणी बिघडत नाही. पण प्रेक्षागृहात बसलेली आपली मुलं दोन्ही बघतात, आणि त्यांचे मित्र कधी कधी शेजारच्याच खुर्चीवर असतात.

तर माझं म्हणणं थोडक्यात. अशा ऑपेराची जाहिरात दिसली तर पाठ फिरवू नका आणि निषेधाची ईमेलही आधी पाठवू नका. तिकीट काढा आणि बघा. मग खटकलेला प्रसंग नेमका सांगून संस्थेला पत्र लिहा. इथल्या ऑपेरा संस्था नुसत्या तिकिटांवर जगत नाहीत, देणगीदारांवर जगतात. आपल्यातले कितीतरी जण देवळाला आणि मंडळाला सढळ हाताने देतात. त्यातला एक छोटा वाटा इकडे वळला तर "संवाद कोण लिहितंय आणि भूमिका कोणाला देताय" हे विचारायचा हक्क आपोआप येतो. आणि मंडळांनी पुण्या-मुंबईहून नाट्यसंगीताचा कार्यक्रम आणताना गावातल्या गायन शिकणाऱ्या मुलांनाही बोलवावं. नाट्यपद आणि ऑपेरा कॉमिकचं पद एकाच संध्याकाळी ऐकवलं तर दोन्हीकडच्या लोकांना एकमेकांचं काहीतरी ओळखीचं सापडेल. खर्च समोशांपेक्षा जास्त येणार नाही.

त्या मुलीला रेझियाचं काम मिळायला हवं, आणि ते तिचा रंग पेटीतल्या कपड्यांना जुळतो म्हणून नव्हे, तर ती ते पद चांगलं म्हणते म्हणून. उद्या तिने आलीन केली, अगदी फ्रेंच गवळण म्हणून, तरी मला आवडेल.

तुमची मतं जरूर लिहा. विरोधी असली तर आधी.

कळावे, लोभ आहेच, तो वाढावा.

एक मेरीलँडकर