बटण दाबण्याचा आरोप

इलेक्ट्रॉनिक नृत्यसंगीताचा विषय निघाला की आपल्याकडच्या सुशिक्षित रसिकांच्या तोंडी एक वाक्य ठरलेले असते: ‘हे लोक वाजवतात कुठे? नुसती बटणे दाबतात.’ साहित्याच्या प्राध्यापकांनीही ते अनेकदा उच्चारलेले आहे आणि उच्चारताना आपण काही मूलभूत बोललो असा भाव चेहऱ्यावर आणलेला आहे. वास्तविक हे विधान समीक्षेचे नाहीच. ते समीक्षा टाळण्याचे साधन आहे. ‘डाफ्ट पंक’ या फ्रेंच जोडीच्या निमित्ताने ते एकदा तपासून पाहणे आवश्यक वाटते.

तोमा बांगाल्तेर आणि गी-मान्युएल द ओमेम-क्रिस्तो या पॅरिसच्या दोन तरुणांच्या आधीच्या गिटारवादी वाद्यवृंदाची एका ब्रिटिश साप्ताहिकाने खिल्ली उडवली. त्या खिल्लीतलेच शब्द उचलून त्यांनी नव्या जोडीचे नाव ठेवले. ‘होमवर्क’ (१९९७) आणि ‘डिस्कव्हरी’ (२००१) या अल्बमांनी त्यांना जगभर नेले. ‘डिस्कव्हरी’च्या काळापासून यंत्रमानवाचे शिरस्त्राण हाच त्यांचा सार्वजनिक चेहरा झाला. ‘ह्यूमन आफ्टर ऑल’ (२००५) मात्र अनेक समीक्षकांना रटाळ आणि पुनरावृत्तीने भरलेला वाटला. जोडी संपली, असेही सूर निघाले.

त्यानंतर २९ एप्रिल २००६ रोजी कॅलिफोर्नियातील कोचेला महोत्सवात ती एका प्रचंड प्रकाशमान पिरॅमिडमध्ये उभी राहिली, आणि २००७ अखेरपर्यंत तो प्रयोग देशोदेशी फिरला. जून २००७ मध्ये पॅरिसच्या बेर्सी सभागृहात झालेल्या प्रयोगाचे ध्वनिमुद्रण ‘अलाइव्ह २००७’ या नावाने उपलब्ध आहे. आक्षेपकांनी ते ऐकले आहे काय, हा आमचा पहिला प्रश्न.

कारण त्यात जुनी गाणी जशीच्या तशी वाजवलेली नाहीत. ती फोडून एकमेकांत मिसळलेली आहेत. ‘अराउंड द वर्ल्ड’ हे १९९७चे गाणे आणि ‘हार्डर, बेटर, फास्टर, स्ट्राँगर’ हे २००१चे, अशी दोन गाणी इथे एकाच बांधणीत येतात. पहिल्याच्या वाहत्या खर्जावर दुसऱ्यातले तुटक शब्द आपटत राहतात. ‘टेलिव्हिजन रूल्स द नेशन’चे जड, कोरडे आवर्तन ‘क्रेसेंडॉल्स’च्या उत्सवी आरोळ्यांना भिडते. मर्ढेकरांनी सौंदर्यविचारात संवाद, विरोध आणि समतोल या लयतत्त्वांची मांडणी केली. ती आपण वर्षानुवर्षे शिकवतो, परीक्षेत तिच्यावर टिपा लिहून घेतो. पण कवितेबाहेर ती लावून पाहण्याची वेळ आली की आपल्याला बटणे आठवतात! या प्रयोगाची रचना समजून घ्यायला याहून उपयुक्त परिभाषा आम्हाला तरी ठाऊक नाही.

अधिक महत्त्वाची गोष्ट पुढेच आहे. नाकारल्या गेलेल्या तिसऱ्या अल्बमचे तुकडे आधीच्या दोन अल्बमांच्या संगतीत आल्यावर अनेकांना ते वेगळेच ऐकू आले, आणि त्या अल्बमचे पुनर्मूल्यमापन सुरू झाले. म्हणजे इथे कलावंतांनी स्वतःच्याच संहितांवर भाष्य केले. संहितेचा अर्थ संदर्भागणिक बदलतो हे आपण वर्गात सांगतो. इथे ते हजारोंच्या समुदायापुढे घडले.

यावर कोणी म्हणेल, क्रम तर आधीच ठरलेला होता, संगणकात रचून ठेवलेला होता. होता. नाटकाची संहिताही आधीच लिहिलेली असते, तालमीही झालेल्या असतात. म्हणून प्रयोग खोटा ठरत नाही. घाम दिसला तरच कला खरी, हा निकष कुस्तीच्या फडात शोभेल.

मग या जोडीवर आक्षेपच नाही काय? आहे, आणि तो गंभीर आहे. पण तो बटणांचा नाही, ऋणाचा आहे. ज्या हाउस संगीतावर त्यांची इमारत उभी आहे ते शिकागोच्या कृष्णवर्णीय आणि समलैंगिक तरुणांच्या क्लबांत जन्मले. त्याचे नावच तिथल्या ‘वेअरहाउस’ या क्लबावरून पडले, असे सांगितले जाते. ‘हार्डर, बेटर’ची सुरावट एडविन बर्डसाँग यांच्या १९७९च्या ध्वनिमुद्रणातून घेतलेली आहे. जोडीने हे ऋण लपवले असे म्हणता येणार नाही. बर्डसाँग यांना श्रेय दिलेले आहे. ‘होमवर्क’मधील ‘टीचर्स’ या गाण्यात तर गुरुस्थानी मानलेल्यांची नावेच उच्चारली आहेत. तरीही चेहरा झाकून प्रसिद्ध होण्याची चैन त्या दोघांना परवडली. ज्यांच्याकडून घेतले त्यांतल्या अनेकांचे चेहरे कोणी पाहिलेच नव्हते. मुखवट्याच्या या राजकारणावर बोलावे, भांडावे. त्यासाठी मात्र आधी ऐकावे लागते.

पुढचा इतिहास तर आक्षेपकांची अधिकच अडचण करणारा आहे. ‘रँडम ॲक्सेस मेमरीज’ (२०१३) या अल्बममध्ये जोडीने नाइल रॉजर्ससारखे हाडामांसाचे वादक मोठ्या प्रमाणावर आणले. २०१४ साली त्याला वर्षातील सर्वोत्कृष्ट अल्बमचे ग्रॅमी मिळाले. पण तो घेऊन ते दौऱ्यावर गेलेच नाहीत. २२ फेब्रुवारी २०२१ रोजी जोडी विसर्जित झाली. ज्या संगीतात ‘माणसे वाजवतात’ ते बहुतांशी ध्वनिमुद्रणातच राहिले, आणि यंत्रांतून रचलेले संगीत लोकांसमोर पुन्हा पुन्हा प्रयोगरूपाने उभे राहिले. ‘जिवंत’ आणि ‘यांत्रिक’ या आपल्या लाडक्या द्वंद्वाने याचा उलगडा कसा करायचा, हे आक्षेपकांनीच सांगावे. तोवर निदान वर्गात, विद्यार्थ्यांसमोर, ते बटणांचे वाक्य उच्चारू नये. त्यांच्यापैकी काहींनी ‘अलाइव्ह २००७’ ऐकलेले असण्याची शक्यता आपल्यापेक्षा अधिक आहे.