बुरशी झटकली, विष राहिले

एप्रिल-मे आला की लालबागच्या मिरची गल्लीत ठसका लागल्याशिवाय पाऊल टाकता येत नाही. बेडगी, संकेश्वरी, काश्मिरी मिरची निवडायची, कडकडीत वाळवायची, डंकावर कुटायची आणि हिंगाचे खडे घालून वर्षाचा मसाला बरणीत भरायचा. वाळवणाबाबत चाळीतल्या आज्या जो काटेकोरपणा दाखवतात, तो वैद्यकीयदृष्ट्याही योग्यच. ओल राहिलेल्या मिरचीवर, शेंगदाण्यावर, मक्यावर अ‍ॅस्परजिलस फ्लेव्हस ही बुरशी वाढते आणि अफ्लाटॉक्सिन हे विष तयार करते. त्याला वास नाही. बुरशी झटकली तरी ते मागे राहते. भाजल्याने थोडे घटते, नाहीसे होत नाही.

ते यकृतावर घाव घालते. 1974 मध्ये अवकाळी पावसात भिजलेला मका खाऊन राजस्थानातील बांसवाडा आणि गुजरातमधील पंचमहाल भागांत आदिवासी कुटुंबांमध्ये कावीळ व जलोदराची साथ आली. सुमारे 400 जण आजारी पडले, शंभरावर दगावले. तेच अन्न खाणारी घरची कुत्रीही सुटली नाहीत. मुंबईत एवढे विष एकदम पोटात जाण्याचा संभव कमी. इथली काळजी थोड्या थोड्या, वर्षानुवर्षे जाणाऱ्या विषाची आहे. त्यातून यकृताचा कर्करोग होऊ शकतो आणि शरीरात हिपॅटायटिस बी असेल तर धोका कित्येक पटींनी वाढतो. बाळाला जन्मल्यावर 24 तासांत सरकारी रुग्णालयात मोफत मिळणारी बी-काविळीची लस म्हणूनच चुकवू नये.

आता जनुकशास्त्रही मदतीला आले आहे. विष बनवणारी बुरशीची जनुके एकाच गुणसूत्रावर शेजारी-शेजारी असतात. त्यांतले एकेक बंद करून कोणते काय करते, हे प्रयोगशाळांनी शोधले. हैदराबादजवळच्या पाटणचेरू येथील इक्रिसॅट संस्थेने त्यावरून शेंगदाण्याचे असे रोप घडवले, की आत शिरलेल्या बुरशीची विषाची जनुकेच गप्प होतात. काम अव्वल आहे. पण जनुकबदल केलेल्या अन्नपिकांचा आपल्याकडचा इतिहास पाहता हा दाणा दादरच्या वाण्याकडे लवकर येईल, असे समजणे भाबडेपणाचे. तोवर पैसा गोदामातली ओल मोजण्यावर आणि बाजारातले नमुने तपासण्यावर खर्च व्हायला हवा. ही कामे कुणाला आकर्षक वाटत नाहीत, एवढेच.

दुधाकडेही पाहिले पाहिजे. बुरशी लागलेली पेंड गुरांना घातली की विषाचा अंश दुधात उतरतो. अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या 2018 च्या देशव्यापी पाहणीत 6,432 पैकी 368 नमुन्यांत तो मर्यादेबाहेर होता. तेव्हा खवट, सुरकुतलेला दाणा गिळू नये, थुंकावा. आणि बुरशी आलेली भाकरी ‘गाईला घालू’ म्हणून वेगळी काढण्याऐवजी सरळ कचऱ्यात टाकावी.