डिझेल कायले पाह्यजे?

राजेहो, आज पिकाचं नाही, गाडीचं लिहितो. पारावरच्या मंडळीनं रागावू नये.

आमची २०११ ची फॉर्च्युनर पंधरा वर्षांची झाली. तीन लिटरचं डिझेल इंजिन, १७१ हॉर्सपॉवर. काळ्या चिखलाच्या पांदणीतून कितीदा निघाली, इंजिनानं कधी कुरकुर केली नाही. आता पुन्हा नोंदणी, फिटनेस, पर्यावरण कर, वरून सडलेला पत्रा. बदलायचीच. तर हिवरखेडात निकाल आधीच लागला: "भाऊ, डिझेलच घ्या. पेट्रोलची फॉर्च्युनर म्हणजे बिनशिंगाचा बैल." पोरगाही त्यायच्याच बाजूनं.

अरे पण बैल कोणत्या कामाले पाह्यजे ते तर पाहा! नवीन डिझेल ऑटोमॅटिकचा टॉर्क ५००, पेट्रोलचा २४५. ऐकून तोंडाले पाणी सुटते. पण ओढायचं काय? कापसाची ट्रॉली तं ट्रॅक्टरच ओढते.

आणि हे जुनं डिझेल नाही. एप्रिल २०२० पासून बीएस-६ आलं. धुराच्या नळीत काजळी अडवणारा फिल्टर बसला, डीपीएफ. फवारणी पंपाच्या जाळीसारखा तो भरत जाते. साचलेली काजळी गाडी स्वतःच जाळते, पण त्यासाठी ६०० अंशांच्या आसपास उष्णता लागते; म्हणजे मोकळ्या रस्त्यावर पंधरा-वीस मिनिटं एकसारखं पळणं आलं. माझी गाडी पळते कुठं? घर ते वावर चार किलोमीटर, तिथून कृषी केंद्र, संध्याकाळी बस स्टँड. इंजिन तापायच्या आधी बंद. काजळी जाळायची अर्धवट राह्यली की जास्तीचं डिझेल ऑइलात उतरते. मग दिवा लागते, पुढं गाडी ताकदच काढून घेते. तुमचे ५०० गेले कुठं?

हिशेबही करा. माझं वर्षाचं रनिंग आठ हजार. पेट्रोल १०५ रुपये न् ९ चा अ‍ॅव्हरेज, डिझेल ९१ न् १२ चा, असं धरलं तर वर्षाले बत्तीस-तेहतीस हजार वाचतात. गाडीच्या किमतीत फरक तीन लाखांचा धरा. नऊ वर्षं लागतील फिटायले.

पेट्रोलमध्येही खोट आहे, लपवत नाही. पेट्रोल फॉर्च्युनरले फोर बाय फोर मिळत नाही, पावसाळ्यात पांदणीवर रुतणार. तेव्हा मोटरसायकल नाहीतर ट्रॅक्टर. अन् २० टक्के इथेनॉलनं अ‍ॅव्हरेज थोडा पडते, कारण लिटरमागं इथेनॉलात पेट्रोलपेक्षा एक तृतीयांश ऊर्जा कमी. पण ते इथेनॉल मक्याचं, उसाचं आहे, आपण त्याले शिव्या द्याव्या का? फक्त सेकंडहँड पेट्रोल घेणाऱ्यानं एप्रिल २०२३ नंतरचीच पाहावी.

ज्याले दर आठवड्याले अकोला-नागपूर करावं लागते त्यानं खुशाल डिझेल घ्यावं, त्याचा फिल्टर रस्त्यावरच साफ होईल. माझं तसं नाही.

पोरगा दोन दिवसांपासून बोलत नाही. पेट्रोलची टेस्ट ड्राइव्ह मंगळवारी आहे, त्यालेच चालवायले देतो.