'तीन वर्षं गप्प बसा' म्हणणाऱ्यांना

महाबळेश्वरच्या एसटी स्टँडजवळ चहाबरोबर कायद्याचा सल्ला फुकट मिळतो. परवा विषय निघाला तो ब्रिटनहून शिकून परत आलेल्या एका मुलीचा. तिकडे नोकरी जमली नाही, घर बँकेकडे गहाण, दोन हप्ते थकलेले. एक म्हणाला, "तीन वर्षं गप्प बसायचं, कर्ज मुदतबाह्य होतं." दुसरा म्हणाला, "बडे लोक हजारो कोटी बुडवतात, त्यांचं कोण काय वाकडं करतं?" तिसऱ्या वडीलधाऱ्याने निकालच दिला: "पोरीला बाहेर धाडलं तिथेच चुकलं."

या निकालापासूनच सुरुवात करतो, कारण आधीच्या दोन सल्ल्यांना खतपाणी तिथूनच मिळतं. ब्रिटनने एप्रिल 2024 मध्ये कुशल कामगार व्हिसासाठी किमान पगाराची सर्वसाधारण अट 26,200 पौंडांवरून 38,700 पौंडांवर नेली आणि जुलै 2025 मध्ये 41,700 वर. नवख्यांना सवलत आहे, पण तिचाही आकडा वर सरकला. म्हणजे पोरीने कर्ज काढलं तेव्हाचा हिशेब वेगळा आणि पदवी हातात आली तेव्हाचा वेगळा. अवकाळीने स्ट्रॉबेरी कुजली तर बागायतदाराला आपण नालायक म्हणत नाही. मग हिला का?

अर्ध्या वाटेवरून परतलेल्यांत आपण सर्वांत अभिमानाने घेतो ते नावही आहे. डॉ. आंबेडकर 1913 मध्ये बडोदा संस्थानाच्या शिष्यवृत्तीवर अमेरिकेला गेले, ते संस्थानाची नोकरी करण्याचा करार करून. शिष्यवृत्तीची मुदत संपली म्हणून लंडनचा अभ्यास अर्धवट टाकून 1917 मध्ये परतले. बडोद्यात राहायला जागाही मिळू दिली गेली नाही आणि नोकरी सोडावी लागली. 1920 मध्ये ते पुन्हा लंडनला गेले. त्यासाठीच्या पैशांत मित्र नवल भथेना यांच्याकडून घेतलेलं कर्जही होतं. त्यांची अडचण जातीने उभी केली होती, आजच्या पोरांची व्हिसाने केली, आणि या दोन्हींचं वजन सारखं नाही, हे मला कळतं. पण परत येणं म्हणजे शेवट, हे या मातीत तरी कुणी सांगू नये.

आता 'गप्प बसा'. समजा, 30 लाखांचं कर्ज आहे आणि व्याज 11 टक्के. नुसतं व्याजच महिन्याला साडेसत्तावीस हजार. तीन वर्षं काही न भरता बसलात, तर महिना चक्रवाढीने रक्कम साडेएकेचाळीस लाखांच्या पुढे जाते. आणि मुदत? तारणाशिवायच्या कर्जाला तीन वर्षं, पण गहाण मालमत्तेवरच्या दाव्याला 12. मधे मुदतीच्या आत वडिलांनी थकबाकी कबूल करणाऱ्या एखाद्या कागदावर सही केली, की मुदत नव्याने मोजायला सुरुवात.

कुणी म्हणतं, कोर्टात न जाता गहाण मालमत्ता ताब्यात घ्यायची मुभा बँकेला देणारा सरफेसी कायदा शेतजमिनीला लागू नाही. खरं आहे, 2002 च्या त्या कायद्याच्या कलम 31 ने शेतजमीन वगळली आहे. पण त्याने फक्त कोर्टाबाहेरचा रस्ता बंद होतो, दाव्याचा नाही. शिवाय गहाण बहुतेकदा राहतं घरच असतं. जानेवारी 2001 पासून महाबळेश्वर-पाचगणी पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र आहे, बिनशेती करणं सोपं नाही, म्हणून बँकेसमोर ठेवायला घराशिवाय असतं काय? घराला सरफेसी पुरेपूर लागू. 90 दिवस थकलं की खातं अनुत्पादक, मग 60 दिवसांची नोटीस, मग ताबा.

"तिकडच्याच बँकेचं कर्ज तिकडेच राहिलं" हाही भ्रम. ब्रिटनच्या वरिष्ठ न्यायालयाचा हुकूमनामा आपल्या जिल्हा न्यायालयामार्फत बजावता येतो. अमेरिकेचा थेट येत नाही, पण त्यावर इथे दावा लावता येतो.

बड्यांबद्दलची चीड मात्र रास्त आहे, मलाही येते. तरी एवढं लक्षात घ्या: कर्ज निर्लेखित करणं म्हणजे माफ करणं नव्हे, वसुली चालूच राहते. बड्यांकडे वकिलांची फौज असते. तुमच्याकडे जामीनदार म्हणून बाप असतो, आणि 1872 च्या करार कायद्याप्रमाणे जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते.

मग करायचं काय? मार्चअखेर पीककर्ज नवं-जुनं करायला रांगेत उभा राहणारा आपला शेतकरी बाप शैक्षणिक कर्जासाठी बँकेची पायरी चढायला लाजतो. ही लाज कुठून आली? पीक गेलं तर बँकेला सांगतो, मग नोकरी गेली तर का नाही? 90 दिवस भरण्याच्या आत लेखी अर्ज द्या: मुदत वाढवा, सुरुवातीला हप्ता लहान ठेवा, पुढे चढता करा. पुनर्रचना हा हक्क नाही, बँक नाही म्हणू शकते, आणि झाली तरी सिबिलवर नोंद होते. तरी ताब्याच्या नोटिशीपेक्षा ती परवडते. आधीच अनुत्पादक झालं असेल तर लोकअदालतीत किंवा एकरकमी तडजोडीत बसा, पण मंजुरी लेखी घ्या. वसुलीवाल्याने सकाळी आठच्या आधी किंवा संध्याकाळी सातनंतर फोन करणं रिझर्व्ह बँकेला मान्य नाही. केला तर बँकेकडे तक्रार द्या, 30 दिवसांत दाद लागली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा.

आणि त्या मुलीला इथे मिळेल ते काम करू द्या, पाचगणीच्या एखाद्या शाळेत शिकवणंसुद्धा. पगारातून पाच हजार भरले तरी ते खात्यावर दिसतात. पुढे उत्पन्न कराच्या पातळीवर गेलं, तर जुन्या करपद्धतीत या व्याजाची वजावट आठ वर्षं मिळते.

टपरीवरच्या तिघांना नमस्कार करून उठा. बापलेक दोघे मिळून शाखेत जा, अर्जाच्या दोन प्रती न्या, आणि एकीवर शिक्का व तारखेसह पोच घेतल्याशिवाय बाहेर पडू नका.