उत्तर अर्ध्याहून कमी कसं?

मी संध्याकाळी सहावी-सातवीच्या मुलांची शिकवणी घेते. १/२ + १/३ दिलं की निम्म्या वह्यांत उत्तर २/५. वरचे वर मिळवले, खालचे खाली. चुका होणारच, मला खटकतं ते वेगळंच. अर्ध्यात भर घातली आणि उत्तर अर्ध्याहून कमी आलं, याचं कुणाला नवलच वाटत नाही!

नियम मात्र तोंडपाठ. ‘कंचेभागुबेव’ (कंस, चे, भागाकार, गुणाकार, बेरीज, वजाबाकी हा क्रम) झोपेतही म्हणतील. मग १० − ४ + ३ घाला. बेरीज आधी म्हणून ४ आणि ३ मिळून ७, उत्तर ३. बेरीज-वजाबाकीचा मान सारखाच, डावीकडून उजवीकडे जायचं आणि उत्तर ९, हे त्या सहा अक्षरांत कुठेच नाही. भागाकार-गुणाकाराचंही तेच.

३ ÷ १/२ साठी ‘उलटा करून गुणा’ हा मंत्र. तो विसरला की उत्तर दीड. त्याच मुलाला विचारा, तीन लिटर दुधाच्या अर्ध्या लिटरच्या पिशव्या किती? सहा, लगेच.

आजीच्या पिढीने पावकी, निमकी, सवायकी, दिडकी हे अपूर्णांकांचे पाढे घोकले. तो जाच परत आणा, असं मी म्हणणार नाही. १ एप्रिल १९५७ ला दशमान नाणी आली आणि ज्यासाठी हे पाढे लागत त्या आणे-पैंच्या हिशेबाची गरज सरली. पण पाऊणपट म्हणजे केवढं, हा अंदाज त्या पिढीला पक्का होता.

शिक्षकांनो, गणित सोडवण्याआधी उत्तर साधारण केवढं येईल ते मुलांना लिहायला लावा. आणि परीक्षेत त्यालाही एक गुण ठेवा.