शून्यांचा घोळ

हनोईला उतरलो तेव्हा डोक्यात एकच मंत्र होता: फसायचं नाही! टॅक्सी टाळून ८६ नंबरच्या बसने जुन्या भागात आलो आणि स्वतःवरच खूश झालो. (पगार बरा आहे हो, पण सवय जात नाही.)

होआन किएम तळ्याकाठी एका बाईंकडे केळी घेतली. २०,००० डोंग, म्हणजे जेमतेम सत्तर रुपये. तरी घासाघीस करून १५,००० वर आणलं, नोट दिली नि सुट्ट्यांचं विसरून निघालो. मागून हाका. म्हटलं, आता अजून काहीतरी गळ्यात मारणार! मी पाय उचलले. बाई फुटपाथवर कावड टाकून धावत आल्या. हातात माझी ५,००,००० ची नोट. वीस हजाराचीही निळीच, हो चि मिन्ह दोन्हींवर.

स्वस्तात फिरावं, मान्य. पण विमान कंपनी मागेल तेवढे पैसे आपण निमूट भरतो आणि 'बजेट'चा सगळा पुरुषार्थ कावडवाल्या बाईपुढे दाखवतो, हे काही खरं नाही राव. वर समोरचा चोर असणार, हे विमानात बसायच्या आधीच ठरलेलं!

मी मुकाट्याने वीस हजारांची नोट पुढे केली. बाईंनी पाच हजार परत दिले, ठरल्याप्रमाणे.